वारशाने आलेलं दुसरं प्रकरण

बी. फार्मच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो आणि त्याच्या रिपोर्टात दुसरं प्रकरण असतं लिटरेचर रिव्ह्यूचं. आपल्या विषयावर आजवर कोणी काय शोधलं ते वाचायचं, पारखायचं आणि मग लिहायचं, अशी त्यामागची कल्पना. आमच्या इंदूरच्या कॉलेजात हे प्रकरण कोणी लिहीत नसे. ते वारशाने मिळे. सीनियर पेनड्राइव्हवर देत, आपण वाक्यं खालीवर करायची, कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून टक्के उतरवून घ्यायचे, की झालं संशोधन. टक्के उतरले की आमच्या गाइड सरांचा चेहरा असा खुलायचा, जणू घरातल्या कुणाचा तापच उतरलाय.

आमचा विषय होता एका झाडाच्या पानांचा रस आणि मधुमेह. झाडाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी मिक्सर लावून बसेल. आमच्या घरी तो आधीच लागला होता. बाबांना बऱ्याच वर्षांची शुगर. पालकसभेला ते कॉलेजात आले, तेव्हा सरांनी कपाटातून आपला पीएच.डी.चा जाडजूड प्रबंध काढून त्यांच्या हातात ठेवला. या रसाने साखर उतरते, असं त्यात छापलेलं होतं. बाबा भारावून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा रस सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत जेवणानंतरची गोळी बंद. आई ओरडली, मी ओरडले, डॉक्टरांनी तर हात जोडले.

"अगं, तुझे सर स्वतः बोलले नं, एकदम असरदार आहे म्हणून," बाबा म्हणाले. "इतके पढे-लिखे लोक काय फालतू लिहितील?"

त्या दिवशी मी ठरवलं, हे प्रकरण आपण खरोखर वाचून लिहायचं. रसात दम असेल तर मी गप्प बसेन. नसेल तर बाबांची गोळी परत सुरू करायला माझ्या हातात काहीतरी असेल.

ग्रुपमधल्या तिघांना वाटलं, माझं डोकं फिरलं. भंवरकुआं चौकातल्या चहाच्या टपरीवर माझी यथेच्छ टिंगल झाली. "भिया, ये तो सच में पढ़ रही है!" एकजण म्हणाला आणि बाकीचे असे हसले, की जणू मी परीक्षेत कॉपी न करता पेपर लिहिला होता. संशोधनाचे पेपर शोधायचे कसे, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. अभ्यासक्रमात तो विषय होता, मॅडम स्लाइडवरचं जसंच्या तसं वाचून दाखवत आणि आम्ही ते जसंच्या तसं उतरवून घेत. मी आपली रिपोर्टाच्या शेवटी दिलेले संदर्भ एकेक करून उघडत गेले. आमच्या वारशाच्या प्रकरणाने आधीच्या बॅचच्या रिपोर्टचा हवाला दिलेला, त्या रिपोर्टने सरांच्या प्रबंधाचा, आणि सरांच्या प्रबंधाने एका जुन्या पेपरचा. वाक्य सगळीकडे तेच. तो पेपर विद्यापीठाच्या लायब्ररीत कसाबसा मिळाला.

त्याच्या सारांशाची पहिली ओळ अशी होती: या पानांनी साखर उतरते असं लोक मानतात. शेवटची ओळ अशी: आम्ही उंदरांना रस देऊन पाहिला, काहीही फरक दिसला नाही.

सरांनी पहिली ओळ वाचली होती आणि तिथेच थांबले होते. दहा-बारा ओळींचा तो सारांश, तोही या माणसाच्याने पुरा झाला नाही, आणि त्याच्या जिवावर पदवी घेऊन ते आमच्या बापाला रस पाजत होते. मला इतका संताप आला, की लायब्ररीतून घरापर्यंत पायीच आले.

दुसऱ्या दिवशी पेपर सरांसमोर ठेवला. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"बेटा, पूरा पेपर कौन पढ़ता है? ॲब्स्ट्रॅक्ट किसलिए होता है?"

"सर, ॲब्स्ट्रॅक्ट में ही लिखा है. नीचे."

"देखो, रिव्ह्यू अपने काम को सपोर्ट करने के लिए होता है. ये सब हटा दो."

मी हटवलं नाही. उलट साध्या, सरळ वाक्यांत लिहिलं, की या रसाने साखर उतरते याला पुरावा सापडत नाही, आणि ज्या पेपरचा हवाला दिला जातो तो नेमकं उलट सांगतो. पकडली जाण्याची भीती नव्हती. आमच्या विभागात दुसरं प्रकरण उघडून बघण्याची पद्धतच नव्हती. रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा सर फोनवर कुणाला तरी जावयाच्या नव्या कारचं कौतुक सांगत होते. टक्के किती आले, एवढंच त्यांनी खुणेने विचारलं आणि प्रमाणपत्राच्या पानावर झोकात सही ठोकली. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कचोरी खाल्ली, झाडाचं कुळ विचारलं आणि सगळ्यांना सारखेच मार्क देऊन गाडी गाठली.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी रिपोर्ट आणि तो मूळ पेपर घेऊन बाबांसमोर बसले. पेपरातल्या दोन्ही ओळी मराठीत सांगितल्या. रिपोर्टातला माझा परिच्छेद वाचला. उंदीर, रस, फरक नाही, सगळं नीट समजावलं. बाबांनी पेपर उलटापालटा केला. "हे लोक कोण, कुठले, काय माहीत," म्हणाले आणि बाजूला ठेवला. मग रिपोर्ट हातात घेतला, पहिली पानं उलटली आणि प्रमाणपत्रापाशी थांबले. तिथे छापलं होतं: हे काम माझ्या देखरेखीखाली झाले असून मी ते तपासले आहे. खाली सरांची सही. बाबांनी चष्मा वर करून ती दोनदा पाहिली.

"तपासलंय त्यांनी," ते हळूच म्हणाले. "म्हणजे सरांनी पण मानलं. मग बात खतम."

आणि त्यांनी आईला गोळी आणायला सांगितली.

सरांनी ते प्रकरण उघडलंसुद्धा नव्हतं, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. समोर आई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. त्यांनी गोळी गिळेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.