सरांनी अस्सल ठरवलेला रुपया

हरिहर पांढरीपांडे सरांनी आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान बाळगला. एक म्हणजे चौतीस वर्षांच्या नोकरीत इतिहासाच्या पेपरात त्यांनी कुणाला उगाच पास केलं नाही. दुसरी, नाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द कधी फिरला नाही. पहिल्या गोष्टीमुळे त्यांचे जुने विद्यार्थी अमरावतीच्या राजापेठेत ते दिसले की अजून रस्ता बदलतात. दुसऱ्या गोष्टीने गेली सहा वर्षं त्यांना स्वस्थ बसू दिलेलं नाही. ते कसं, हे कळायला आधी गोल म्हणजे काय ते कळायला हवं.

राजापेठेत यशोधन मुळे याचा गणिताचा क्लास आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी क्लासला सुट्टी असते. मग बाकं भिंतीला सरकतात, मध्ये सतरंजी पडते आणि अमरावती, बडनेरा, चांदूर रेल्वे, अंजनगाव इथून नाण्यांचे वेडे येऊन गोल करून बसतात, म्हणून तो गोल. वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एक होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत. या लोकांना घरी कुणी भाव देत नाही. चिल्लरीपायी कपाटं भरली म्हणून बायका कावलेल्या असतात. गोलात मात्र प्रत्येक जण राजा असतो.

नवं नाणं आलं की ते हिरव्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवून हातोहात फिरतं. कडेला धरायचं, मधे बोट टेकवायचं नाही. सगळ्यांत नवख्या सभासदाने आधी बोलायचं, सरांनी शेवटी. सर नुसतं 'लिहा' म्हणाले की यशोधन वहीत लिहून घेतो, खाली सरांची सही होते आणि तो विषय संपतो. लिहिलेलं नाणं पुन्हा गोलात आणायचं नाही, असा नियमच आहे. नियम सरांनीच केला होता, कारण वकील मंडळी एकाच नाण्यावर तीन-तीन रविवार भांडायची. नियम चांगला होता, सगळ्यांना पटला होता आणि आजवर कुणी मोडला नव्हता.

सात वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी अंजनगाव सुर्जीचे सूर्यभान गावंडे गोलात आले. काळ्या मातीतली पंधरा एकर शेती, शिक्षण सातवी, अंगात पांढरा सदरा. सतरंजीवर जागा होती तरी ते दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक चांदीचा रुपया काढला आणि म्हणाले, "आमच्या बाजारात जुने भांडे घेणाऱ्या बुवापासून घेतला. काय हाये ते समजत नाई. तुमी पाहा."

रुपया एलिचपूर टांकसाळीचा होता. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर, घरापासून तासाभराच्या वाटेवरचं. तिथे एके काळी नाणी पाडत, आणि तिथला सुबक रुपया हातात यावा म्हणून सर चाळीस वर्षं झुरत होते. भुकेल्या माणसाला शिळं ताट ओळखू येत नाही. वजनकाटा यशोधनच्या कपाटात होता आणि कपाटाची चावी तो घरी विसरून आला होता. "काट्याची गरज नाही," सर म्हणाले, "हाताला कळतं." वरच्या काठाशी एक अर्धचंद्रासारखा टोचा होता. पूर्वीचे सराफ चांदी पारखायला नाण्यावर असा टोचा मारीत. त्या टोच्यावर तर सर भाळलेच. त्यांनी 'लिहा' म्हटलं, वर 'अस्सल' हा शब्दही जोडला, जो ते एरवी कधी जोडत नसत.

त्या दिवशी सूर्यभानभाऊंना कुणीतरी उठवून मध्ये बसवलं. पुढच्या महिन्यात त्यांची जागा सरांच्या शेजारी ठरूनच गेली. वकील त्यांना 'रुपयावाले' म्हणू लागले. आणि हा माणूस नुसता मिरवला नाही. नाण्यावर काय लिहिलंय ते आपल्याला वाचता यावं म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने सरांकडे फारसी अक्षरांची शिकवणी धरली. दर बुधवारी एसटीने यायचं, सरांच्या पत्नी शैलावहिनींच्या हातचा चहा घ्यायचा आणि त्या रुपयावरून बोट फिरवत अलिफ, बे गिरवायचं. सरांना इतका मन लावणारा विद्यार्थी चौतीस वर्षांत मिळाला नव्हता.

वर्षभराने सर अकोल्याच्या नाणेमेळाव्याला गेले. देवमन नावाचा एक फिरता विक्रेता तिथे ट्रे मांडून बसला होता. त्याच्या ट्रेत एलिचपूरचे बारा रुपये एका ओळीत होते, आणि बाराही रुपयांवर वरच्या काठाशी तोच अर्धचंद्र, त्याच तिरकेपणाने.

सरांनी एकेक करून बाराही उचलून बघितले. सराफाचा टोचा हाताने मारलेला असतो, तो दोन नाण्यांवर सारखा बसत नाही. सारखा दिसला म्हणजे टोचा पडलेल्या एका नाण्याचा साचा करून बाकीची ओतलेली. तरी त्यांनी आशा सोडली नाही. साचा ज्या नाण्यावरून काढला ते मूळ नाणं सूर्यभानभाऊंचंच नसेल कशावरून? पुढच्या बुधवारी 'नीट वाचून ठेवतो' म्हणून त्यांनी रुपया ठेवून घेतला आणि काट्यावर टाकला. सव्वा ग्रॅम हलका भरला. भिंगातून बघितलं तर काठावर बारीक फोड, ओतीव धातूला येतात तसले. नाणं खोटं होतं. त्यांना ते सांगायचं होतं. पण गुरुवारी नाही सांगितलं, दुसऱ्या रविवारी नाही सांगितलं, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच.

अकोल्यातच त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. ते बाराही रुपये विकत घेतले होते, दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. तेव्हा वाटलं, संपलं. पण सहा महिन्यांनी नागपूरच्या मेळाव्यात आणखी चार दिसले, मग खामगावला तीन, मग पुन्हा देवमनकडे. सरांचं मेळाव्याला जाणं म्हणजे पूर्वी घरातला सण असायचा. आता ते दार उघडायच्या आधी जाऊन उभे राहायचे, चोरासारखे सगळे ट्रे चाळायचे, दिसेल तो एलिचपूर उचलायचे आणि दुसरं एकही नाणं न बघता परत यायचे. स्वतःसाठी त्यांनी सहा वर्षांत एक पैसुद्धा घेतली नाही. सूर्यभानभाऊ मेळाव्याला येतो म्हणाले की सर सांगायचे, "कशाला येता? सगळा बनावट माल असतो तिथे." एवढं एक वाक्य ते खरं बोलायचे.

शैलावहिनींना हे कळायला वेळ लागला नाही. धान्याच्या कोठीमागचा बिस्किटांचा डबा त्यांनी एकदा हलवला तर तो हलेना. उघडला आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, एकाच तोंडाची सदतीस नाणी कशाला हवीत तुम्हाला?"

सरांनी सगळं सांगितलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली बाई ती, ऐकून हसली नाही की चिडली नाही. "सांगून टाका त्यांना," म्हणाल्या. "त्यांना एकदा वाईट वाटेल. तुम्ही रोज मरून राहिले."

"त्यांच्या एकट्याचं असतं तर सांगितलं असतं," सर म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. पुढचं म्हणजे वही होती. तिच्यात चारशे बारा नाणी लिहिलेली होती आणि चारशे बारा सह्या होत्या.

बुधवार चुकत नव्हता. सूर्यभानभाऊ यायचे, रुमाल उलगडायचे, वाचायचे. आता त्यांना रुपया घडाघड वाचता येत होता. सर समोर बसून मान डोलवायचे आणि घड्याळाकडे बघायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मारणारंही कुणी दुसरं नव्हतं.

यंदा अकोल्याच्या मेळाव्यात गोलाला काचेची एक पेटी मिळाली, आपापली उत्तम नाणी मांडायला. पेटीच्या मधोमध एलिचपूरचा रुपया ठेवायचं सर्वानुमते ठरलं. खाली चिठ्ठी: 'संग्राहक सूर्यभान गावंडे, निर्णय ह. पांढरीपांडे'. यशोधनने सुवाच्य अक्षरात लिहिली. सरांनी बरीच कारणं काढली, विमा काढावा लागेल, चोरी होईल, पण कुणी ऐकेना. शेवटी ते बडनेऱ्याहून सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले, म्हणजे माणसं जमायच्या आत देवमनचा ट्रे रिकामा करता येईल.

ते मेळाव्याच्या मंगल कार्यालयात शिरले तेव्हा सूर्यभानभाऊ आधीच आलेले होते. अकोटमार्गे पहिल्या एसटीने आले होते, आणि देवमनच्या टेबलासमोर उभे होते.

"या सर," देवमन लांबूनच म्हणाला. "तुमचीच वाट पाहून राहिलो. दर खेपी तुमीच सारे नेता, म्हनून यंदा जास्त ओतून मांगवले. चाळीस हायेत. बांधू का?"

सहा वर्षं जो बुजवायला ते माती टाकत होते तो खड्डा त्यांनीच खणून मोठा केला होता. त्यांच्याशिवाय त्या रुपयाला गिऱ्हाईकच नव्हतं.

सूर्यभानभाऊंनी ट्रेतला एक रुपया उचलला. कडेला धरून, गोलात शिकले होते तसा. टोचा बघितला. दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"सर, पाह्यलं का? माह्या रुपयाची नक्कल काढली यायनं. असली असल्याबिगर कोनी नक्कल काढते का? चाला, पेटीपाशी लावून देऊ हे दोन-चार. लोकाईले समजू द्या असली कोनता न नकली कोनता."

सरांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर जिन्याखाली, पाण्याच्या माठाजवळ नेलं. इतकी वर्षं मनात घोळवलेली सगळी वाक्यं ऐन वेळी पळून गेली होती.

"भाऊ, तुमचाही त्यातलाच आहे."

सूर्यभानभाऊ हसले. सरांचा चेहरा बघून थांबले.

"मी वजन केलं होतं," सर म्हणाले. "हलका आहे. ओतीव आहे. मला सहा वर्षांपासून माहीत आहे. मी चुकलो, आणि तुम्हाला सांगितलं नाही. हे रुपये मी त्याच्याकडून घेत गेलो ते तुम्हाला दिसू नयेत म्हणून. माफी मागायलाही तोंड नाही मला."

सूर्यभानभाऊंनी माठावरचा पेला घेतला, पाणी काढलं, पण प्यायले नाहीत. तेवढ्या वेळात सरांना लाज वाटावी इतकं हलकं वाटलं. आता हा माणूस शिव्या देईल, गोलात जाऊन सांगेल, वही फाडतील, आणि आपण सुटू.

"अक्षरं तं खरे हायेत ना सर?" सूर्यभानभाऊंनी विचारलं. "मी जे वाचतो ते?"

"अक्षरं खरी आहेत."

"मंग ठीक हाये." त्यांनी पेला तसाच भरलेला माठावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "सर, तुमी म्हनान तसं मी मानतो. पन मंग बाकीच्याईचं काय? तुमी एक चुकले असं समजलं, का प्रत्येक जन घरी जाऊन आपली डबी उघडन. त्या डॉक्टरचं, त्या वकिलाचं, चांदूरवाल्याचं. साऱ्याईनं तुमच्याच शब्दावर ठेवून घेतलं ना. कोनतं खरं, कोनतं खोटं, कोन सांगन आता?"

हाच प्रश्न घेऊन सर सहा वर्षं बसले होते.

"गोल मोडन सर," सूर्यभानभाऊ म्हणाले. "अन् मले दुसरं कुठंच कोनी मधात बसवत नाई."

"मी आत जाऊन सांगतो. मला सांगू द्या, भाऊ."

"नाई." आयुष्यात पहिल्यांदाच ते सरांशी असं बोलले. "इतके दिवस तुमी माह्यासाठी झाकलं. आता कोनाले सांगाचं नाई. माही शपथ हाये तुमाले."

ते आत गेले. देवमनच्या टेबलाशी थांबून त्यांनी चाळीसही रुपये बांधून घेतले आणि पिशवीत टाकले. मग पेटीजवळ जाऊन उभे राहिले. शाळेच्या सहलीतल्या मुली आल्या होत्या, त्यांच्यातल्या एकीने काचेवर बोट टेकवून विचारलं, "काका, हे खरं आहे का?"

"अस्सल हाये बाई," सूर्यभानभाऊ म्हणाले. "आमच्या सरायनं सोता पाह्यला हाये." आणि उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर दाखवत त्यांनी तो तिला वाचून दाखवला.

हेच बोलणं सर सात वर्षं ऐकत आले होते. आवाज तोच होता, शब्द तेच होते. फक्त दर वेळी 'सरायनं' म्हणताना सूर्यभानभाऊ त्यांच्याकडे मान वळवून बघत, तेवढं आज त्यांनी केलं नाही.