टॅन्सीचं नाक

आमच्या साल्टलिक खोऱ्यात देवाला न मानणारी माणसं पुष्कळ, पण टॅन्सी ओग्डेनच्या नाकाला न मानणारा एकही नव्हता. तिथेच घोळ झाला.

ट्रिनिटी परगण्याच्या या डोंगरात गांजा पिकवता पिकवता दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. आता नुसती फुलं कुणी विचारत नाही, सगळ्यांना अर्क हवा. फुलांवरची चिकट राळ तेवढी काढून घ्यायची, बाकीचा पाला फेकायचा. कुणी ती बर्फाच्या पाण्यात घुसळून काढतो, कुणी गरम पाट्यांत दाबून, कुणी गॅसने धुऊन. आणि नावं तरी काय ठेवलीत! लोणी, साखर, मेण, सॉस, चुरा. परक्या माणसाला वाटावं, इथे बेकरी आहे.

टॅन्सीचे आईबाप हिप्पी. त्यांनी मुलीला एका उग्र वासाच्या पिवळ्या रानफुलाचं नाव दिलं आणि मुलाला बर्च झाडाचं. भाऊ बर्च त्या झाडासारखाच उंच आणि गोरा झाला. डोक्यातही लाकूडच निघालं. टॅन्सीला मात्र नाक मिळालं. बरणीचं झाकण उघडून ती एकदाच हुंगायची. "उत्तरेकडच्या उताराचा माल. सुकवताना दोन दिवस घाई केलीस. आणि गॅस पुरता उडालेला नाही. ने घरी." साठीचे दाढीवाले बाप्ये खाली मान घालून बरणी परत न्यायचे.

मग चवीची पाळी. काचेच्या नळीला जोडलेली क्वार्ट्झची इवलीशी वाटी ती बत्तीच्या ज्योतीने तापवायची आणि निवेपर्यंत गप्प बसायची. नवशिक्यांचा धीर इथेच सुटतो आणि घसा भाजतो. वाटी निवली की तांदळाच्या दाण्याएवढा अर्क आत, वर झाकण आणि एक सावकाश झुरका. बत्तीला भिणाऱ्यांना ती बॅटरीवर वाफ देणारं पेन ओढायला सांगे, जुन्या वळणाच्यांना चिलमीतल्या फुलांवर थोडंसं भुरभुरायला. "तांदूळ म्हटलं मी, वाटाणा नाही! चाळीस वर्षं ओढतोयस म्हणून मिशा पिळू नकोस. फुलांच्या चौपट जोर आहे यात." एका लाकूडतोड्याने ऐकलं नाही. तो दोन तास टेबलाचा पाय धरून बसला होता आणि दर पाच मिनिटांनी विचारत होता, अजून मंगळवारच आहे का?

गेल्या वर्षीच्या वणव्यात आम्ही तीन आठवडे धूर गिळला. त्यावर टॅन्सीला ताप आला. तो उतरल्यावर मी तिच्याकडे पंप दुरुस्त करायला गेलो. तिने कॉफी केली. दूध इतकं नासलेलं की मला दारातूनच वास आला. टॅन्सीने ते स्वतःच्या कपात ओतलं आणि मजेत घोट घेतला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "येईल परत."

मी बोललो नाही. त्यानंतरही लोक बरण्या आणत राहिले. ती रंग बघायची, आणणाऱ्याचा चेहरा बघायची आणि ठोकून द्यायची. निम्म्या वेळा बरोबर यायचं. उरलेल्या वेळी लोकांना वाटायचं, आपलीच जीभ बिघडली.

बरण्यांचं एक वेळ चालून गेलं असतं. पण गॅसने अर्क काढला की गॅस त्या कामाच्या शेडमध्ये जमिनीलगत पाण्यासारखा साचून राहतो आणि ठिणगीची वाट बघतो. परवानेवाल्या कारखान्यांत त्यासाठी मोठे पंखे आहेत, भोंगे आहेत, गॅस ओळखणारी यंत्रं आहेत. आमच्या डोंगरात टॅन्सी होती. काम झालं की शेडवाला तिला बोलवायचा. ती उंबऱ्यात वाकून तीनदा श्वास घ्यायची आणि म्हणायची, "साफ." तोवर कुणी अर्क आटवायच्या हीटरच्या बटणाला हात लावत नसे.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की बर्चच्या शेडचा पत्रा दहा पावलांवरून दिसेना. मी त्याच्या विहिरीचा पंप उघडून बसलो होतो. टॅन्सी आली, ती वाटेत पेरी आणि डॅगेट यांच्या शेडांना "साफ" म्हणून.

"ये, टॅन्स!" बर्च खुशीत होता. "या वेळी गॅस बघ कसला आणलाय! पेरीने आम्हा तिघांसाठी एकदमच मागवला. इतका शुद्ध, की वासच नाही. काडीचा नाही! चल, हुंग, म्हणजे हीटर लावतो."

टॅन्सी उंबऱ्याशी थांबली. मी हातातला पाना खाली ठेवला. तिने वाकून एक श्वास घेतला. दुसरा घेतलाच नाही.

"घाण येतेय," ती म्हणाली. "भरपूर गॅस आहे आत."

"कसा येईल? आत्ताच सांगितलं ना, याला वासच नाही!"

"मग मला हुंगायला कशाला बोलावलंस, ठोंब्या?"

हा प्रश्न बर्चच्या डोक्याला झेपण्यातला नव्हता. "अगं, पण... तूच हुंगतेस ना नेहमी," तो म्हणाला आणि सवयीने बटणाकडे हात नेला.

टॅन्सीने तो हात दोन्ही हातांनी धरला. चौसष्ट वर्षांची बाई, पण सहा फुटी भावाला तिने खेचत बाहेर आणलं.

"हात लावू नकोस. मला वास येत नाही, बर्च. शुद्ध गॅसचाही नाही, नासक्या दुधाचाही नाही. वर्षाच्या वर झालं. विचार या पंप्याला."

बर्चने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"पण तू मला या वर्षात नऊ वेळा साफ म्हणालीस," तो हळूच म्हणाला.

"हो."

"मी नऊ वेळा हीटर लावला."

"हो, बर्च."

तो खाली ओल्या गवतात बसला. शेडचं दार उघडंच होतं. आत काही दिसत नव्हतं, आतून काही ऐकू येत नव्हतं आणि वास तर येणारच नव्हता. मला एकदम आठवलं. "टॅन्सी, पेरी? डॅगेट?"

ती माझ्या आधीच चढाला लागली होती. आमच्याकडे फोनला रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी मिळते. आम्ही तिघे धापा टाकत वर पोचलो. तिने पहिला नंबर लावला.

"पेरी, मी टॅन्सी. हीटर लावू नकोस. बाहेर पड, दार उघडं टाक. सकाळी साफ म्हणाले ते खोटं होतं. का म्हणजे? माझं नाक मेलंय, म्हणून! सांग सगळ्यांना, खुशाल सांग. आधी बाहेर पड!"

पलीकडून पेरीच्या शिव्या आम्हालाही ऐकू आल्या. इतक्या गोड शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. टॅन्सीने फोन ठेवला आणि डॅगेटचा नंबर लावला.

घंटी वाजत राहिली. खाली खोरं धुक्याने भरलेलं होतं आणि त्यात डॅगेटची शेड नेमकी कुठे, ते कुणालाच दिसत नव्हतं. टॅन्सीने पुन्हा नंबर लावला. बर्च टाकीला पाठ लावून उभा होता, खालच्या धुक्याकडे बघत. त्याने दोन्ही कान हातांनी दाबून धरले होते.