रविवारची प्रश्नमंजूषा आणि बाबांचा डावा हात

बाबा गेल्यापासून कुणी त्यांच्या आजारपणाविषयी विचारलं, की मी रविवारी संध्याकाळी सहाला लागणाऱ्या प्रश्नमंजूषेबद्दल सांगू लागते. ऐकणाऱ्याला वाटतं, मी विषय टाळते आहे. पण त्या दीड वर्षातलं मला सांगण्यासारखं तेवढंच आहे.

बाबा पोलादपूरच्या तहसील कचेरीत कारकून होते. घर महाडात, त्यामुळे नोकरीभर रोज एसटीने जाणं-येणं. त्या प्रवासात त्यांनी जे वाचलं, ते मी शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य घालवूनही वाचलेलं नाही. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा पुस्तकांची दोन कपाटं गेली. चिखलाचे गोळे झालेली पुस्तकं आम्ही पाट्यांत भरून बाहेर टाकत होतो आणि मला रडू आवरत नव्हतं. बाबा म्हणाले, "वाचून झाली होती सगळी." त्यानंतर आमच्या घरात काही ग्रंथालय उरलं होतं, तर ते त्यांच्या डोक्यात.

आणि मग पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणताना मी डॉक्टरांना विचारलं, "त्यांना कळतं का?" ते म्हणाले, "ऐकू येतं. ऐकलेलं आत पोचतं का, हे सांगणं अवघड आहे. वाट पाहा."

मी वाट पाहत राहिले. सकाळी तोंड पुसताना, पेज भरवताना त्यांच्या डोळ्यांत बघायची. डोळे माझ्याकडे असत, पण खिडकीकडे असत तेव्हाही तसेच असत. मला एवढंच हवं होतं, की बाबा आत आहेत की नाहीत हे कुणीतरी नक्की सांगावं. नाहीत असं सांगितलं असतं, तरी चाललं असतं.

टीव्ही मी घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून लावायची. पुरानंतर आम्ही तो भिंतीवर उंच लावून घेतला होता, म्हणून बाबांचा पलंग तिरका करून उशाला दोन उशा द्याव्या लागत. रविवारी शाळकरी मुलांची स्पर्धा लागे. राज्यभरातल्या शाळा, दोघादोघांचे संघ, दर आठवड्याला काही बाद होत. प्रश्न आला, की पडद्यावर चार पर्याय आणि वीस सेकंद. कुठल्यातरी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या दोन मुली होत्या, घट्ट वेण्या घातलेल्या. उत्तर द्यायच्या आधी एकमेकींच्या कानाला लागत आणि मग एक जण असं काही सांगून जाई, की मी हातातलं काम ठेवून बघत बसे. एवढ्याशा पोरींच्या डोक्यात हे सगळं कुठे मावतं, असं वाटे.

अशाच एका रविवारी मी चादरीची घडी घालत होते. प्रश्न ग्रहांच्या चंद्रांबद्दल होता. बाबांचा डावा हात पांघरुणावरून वर आला आणि तीन बोटं सुटी झाली. मला वाटलं, हाताला पेटका आला. मी हात धरायला गेले, तेवढ्यात निवेदक म्हणाला, "पर्याय क्रमांक तीन, अगदी बरोबर!"

मी हात मागे घेतला. पुढच्या प्रश्नाला एक बोट, उत्तर पहिलं. त्याच्या पुढच्याला दोन, उत्तर दुसरं. त्या दिवशी दहापैकी आठ बरोबर आली. मी पलंगाशेजारी खाली बसले ती जाहिराती संपेपर्यंत उठले नाही. जे पुरातून वाचलं होतं ते यातूनही वाचलं होतं. माझ्याच घरात, माझ्या हाताखालच्या त्या अंगात, ग्रहांचे चंद्र जागच्या जागी होते.

शेजारच्या काकूंना मी दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. काकू आंबेनळी घाटाखालच्या गावातल्या. मुलाला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून महाडला आल्या. आमची आणि त्यांची मधली भिंत एकच. त्या म्हणाल्या, "मी तुला आधीच बोलली व्हती गो, भाऊ आत सगला हिशेब करून बसलेत. तुझाच इस्वास नाय."

पुढचे दोन रविवारही तसेच गेले. तिसऱ्या रविवारी प्रश्नमंजूषा चालू असताना मी घरांच्या मागच्या बोळात दोरीवरचे कपडे काढायला गेले. काकूंना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा टीव्ही नेहमी मोठ्याने असतो. त्यांच्या खिडकीतून निवेदकाचा आवाज आला, "पर्याय क्रमांक चार!" आणि टाळ्या. मी आमच्या मागच्या दाराशी कान दिला. आमच्याकडे त्याच प्रश्नाचे वीस सेकंद अजून संपायचे होते.

त्यांच्याकडे केबल होती, आमच्याकडे छपरावरची डिशची छत्री. त्यांचं चित्र आमच्यापेक्षा पुढे धावत होतं. एरवी क्रिकेटच्या वेळी काकूंच्या घरातून आधी आरडाओरडा येई आणि चौकार आम्हाला मागाहून दिसे, तेव्हा आम्ही हसायचो. मला हे आधी कसं सुचलं नाही? भिंतीपलीकडून आकडा ऐकू येत होता आणि तेवढी बोटं वर होत होती. असं तर एखादं लहान मूलही करतं, अर्थ न कळता.

मी कपडे खांद्यावर घेऊन तशीच उभी राहिले. आत बाबांनी चार बोटं वर केली असणार. मी बघायला गेले नाही.

 शनिवारी काकूंकडे गेले आणि म्हटलं, "काकू, उद्या सहा ते सात तुमचा टीव्ही बंद ठेवाल का?"

"का गो बाय? इतकी वर्सं नाय टोचला तो, आता टोचाय लागला?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "ऐकलास काय? उद्या आपला टीव्ही बंद. आपून हिच्याकरं जाऊ बगायला."

रविवारी दोघी आल्या. काकू दारातूनच "जयभीम, भाऊ" म्हणाल्या आणि जमिनीवर बसल्या. मी पलंगापाशी उभी राहून दोघींना नियम सांगितला. बाबांचं बोट वर होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. उत्तर येत असलं तरी नाही. काकूंनी पदराचं टोक तोंडात धरून दाखवलं.

पहिल्या प्रश्नाला बाबांचा हात हलला नाही. दुसऱ्यालाही नाही.  तिसऱ्याला दोन बोटं वर झाली आणि ते बरोबर निघालं. पण चारांतलं एक डोळे मिटूनही लागतं. चौथा पुन्हा तसाच गेला.

मग पाचवा प्रश्न आला. 'महाबळेश्वरला उगम पावणारी यापैकी कोणती नदी अरबी समुद्राला मिळते?' पर्याय होते कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री.

महाडच्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. पडद्यावर शेवटचं नाव उमटतं न उमटतं तोच काकूंच्या तोंडातला पदर सुटला. "सावित्री! आमची सावित्री! दर वर्साला घरात येते, आमाला नाय म्हाईत तर कुणाला?" सूनही ओरडली, "सावित्री, सावित्री!" आणि, कबूल करायला हवं, मीही ओरडले. माझ्या तोंडून ते नाव बाहेर पडलं, तेव्हाच मला कळलं की मी काय केलं.

"काकू!" मी म्हणाले. रागवायचं होतं स्वतःवर, रागावले त्यांच्यावर. "एवढं सांगितलं होतं ना!"

"अगो बाय, चुकली. पन नदी आपली ना गो."

तेवढ्यात पलंगावरून घरघर ऐकू आली. ठसका लागला असं समजून मी धावले. बाबांचं तोंड एका बाजूने वाकडं झालं होतं आणि खांदा हलत होता. ते हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच. आणि डावा हात त्यांनी सावकाश वर नेला, आधी काकूंकडे केला, मग माझ्याकडे, आणि पहिलं बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

गप्प बसा.

टीव्हीवर काय चाललं होतं, मला ठाऊक नाही. मी नियम काकूंना सांगितला होता, सुनेला सांगितला होता. बाबांना सांगितलाच नव्हता. त्यांच्या डोक्यावरून सांगितला होता, खोलीतल्या खुर्चीच्या डोक्यावरून सांगावा तसा. आणि त्यांना तो कळला होता. मी त्यांची परीक्षा घेते आहे, हेही कळलं होतं. त्या परीक्षेत आम्ही तिघी नापास झालो, हे तर सगळ्यात आधी कळलं होतं.

पुढच्या प्रश्नाला आम्ही श्वाससुद्धा घेतला नाही. बाबांनी ऐटीत तीन बोटं वर केली. उत्तर होतं पहिलं.

"असूं दे, भाऊ," काकू म्हणाल्या. "त्या टीव्हीवाल्यांचाच चुकला आसंल."

त्या दोघी गेल्यावर मी टीव्ही बंद केला आणि बाबांच्या समोर बसले. इतक्या महिन्यांत या खोलीत काय काय बोललं गेलं, ते एकेक करून आठवत गेलं. याच पलंगाशेजारी उभं राहून मी फोनवर बहिणीला म्हणाले होते, की आता नुसतं शरीर उरलं आहे, ते सांभाळायचं. बाबांनी ते ऐकलं होतं आणि त्यानंतरही रोज माझ्या हातची पेज खाल्ली होती. माफी कशी मागावी ते सुचेना. मी "बाबा" एवढंच म्हणाले. त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. जन्मभर कचेरीत लोकांच्या चुका निस्तरलेल्या माणसाला त्यात नवीन काही नव्हतं.

मग मी नाक पुसलं आणि त्यांना विचारलं. आजवर जेवणाचं मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. "भाजी काय करू? एक, भोपळा. दोन, दोडका. तीन, मूग. चार, दुधी."

हात जागचा हलला नाही. मी पुन्हा सांगितलं, सावकाश. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे काय पर्याय आहेत! आणि नजर खिडकीकडे वळवली. काकूंच्या चुलीवर सुके बोंबील भाजल्याचा वास बोळातून सरळ आत येत होता.

मी वाटी घेतली आणि काकूंचं दार वाजवायला गेले.