उमरेडच्या पुढचे चार दिवस आणि सोनाबाईंची निवड

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरला सरकारी नर्स होते. उमरेडच्या पुढच्या एका गावात आरोग्य स्वयंसेवक तयार करायला चार दिवस जायचं होतं. कुणी तयार होईना, म्हणून मीच हात वर केला. मला मेली हौस दांडगी!

नागपूरच्या महाल भागातून सायकलरिक्षाने स्टँड, तिथून एस.टी. उमरेडला पोटभर तर्रीपोहे खाल्ले, कारण पुढे चहाही मिळत नसे. शेवटचे दोन कोस बैलगाडी. आता तिथे डांबरी रस्ता आहे, तुमची कंबर वाचली.

शाळेच्या पडवीत नऊ तरुण जमले होते, सगळे सातवी पास. दहाव्या सोनाबाई कासारीण, बांगड्यांची पेटी घेऊन आलेल्या, अक्षरशत्रू. नियम सातवी पासचाच होता. नियमाबाहेरचं नाव आलं तर तुमच्यावर शेकेल, असं नागपूरच्या साहेबांनी निघताना बजावलं होतं.

"तुमची निवड नाही होणार," मी स्पष्ट सांगितलं.

"बसू तं द्या, बाई. ऐकतो."

दोन दिवस मी जुलाब, ताप, गरोदरपण, मुलांचं पोषण असं सगळं शिकवलं. एकाच फेरीत घरातल्या प्रत्येकाची चौकशी करायची, हे घोटून घेतलं. पोरांनी पाठही केलं.

तिसऱ्या दिवशी गावात निघालो. मुलांचे दंड मोजायची पट्टी दिसताच बाया लेकरं घेऊन आत!

"लेकरू मोजाचं नसते, नजर लागते," एका आजीने दारच लावलं. माझे नऊही पोपट माझ्याकडे बघायला लागले.

सोनाबाईंनी त्याच घराच्या ओट्यावर पेटी उघडली. बांगड्या बघायला आजीची सून मागच्या दाराने बाहेर आली, कडेवर पोरगं. सोनाबाईंनी त्याच्या हातात छोटी बांगडी घातली आणि हळूच वर सरकवली. एरवी ती कोपराशीच अडकते, याच्या थेट खांद्यापर्यंत गेली.

"काहून वं, एवढं सुकलं?"

सून रडायलाच लागली. पोराला आठ दिवस जुलाब, तिला पुन्हा दिवस गेलेले, सासऱ्याला ताप. एका बैठकीत सगळं घर कळलं. मला माझीच लाज वाटली.

"याले नागपूरले न्या लागते," सोनाबाई म्हणाल्या.

"दवाखान्यात मरते लेकरू," आतून आजी.

"मी येतो ना संगं."

तेवढ्यावर आजीने दार उघडलं. चौथ्या दिवशी मी, सून, पोरगं आणि सोनाबाई एकाच एस.टी.ने नागपूरला आलो. पोरगं वाचलं.

असं काम करायला निघालात तर आधी गावात कुणासाठी दार उघडतं ते बघा. मी ते तिसऱ्या दिवशी शिकले.

घरी येऊन अहवाल लिहायला घेतला. सोनाबाईंच्या नावापुढे खरं तेच लिहिलं: लिहिता-वाचता येत नाही, निवड केली आहे. खाली ठसठशीत सही ठोकली. शेकलं तर शेकू दे.