दंडातली लाल नस

“आण तुहा हात इकडं,” म्हणत आमचे डाक्टरसाहेब समोरच्याचा दंड धरायचे आणि आतल्या बाजूला, हाडाशी अंगठा रोवायचे. “पाह्य, कशी उडून राहिली! हे लाल नस. हे फुटली का माणूस घडीभराचा.”

अकोल्याच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली जखमा बांधायचो. साहेब मूळचे अकोटचे, मुसलमान घरातले, मुंबईला शिकून आलेले. जगाला एकच गोष्ट सांगायला निघालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. साहेबांची गोष्ट म्हणजे हातातल्या धमन्या.

कापसाला सोन्याचा भाव आला होता. दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदे करत. साहेब मध्येच रुमालात हात घालून शेटजींचं मनगट चाचपत. “भाव चढला शेटजी, पण तुमची नाडी त्याच्याहून चढली!” शेटजी हसत, आणि घरी जाऊन आंघोळ करत. साहेबांना ते ठाऊक होतं.

मग गावाबाहेर वाफेवर चालणारं, कापूस पिंजायचं जिन आलं. सरकी काढणाऱ्या करवतींनी पहिल्याच हंगामात दोघांची बोटं नेली. साहेब तिथं जाऊन मजुरांना शिकवू लागले. स्वतःच्या उघड्या हातावर कोळशानं रेघ ओढत: गळ्याच्या हाडाखालून काखेत, तिथून दंडाच्या आतल्या अंगानं कोपराच्या खळग्यात. पुढं दोन फाटे, एक अंगठ्याकडं, एक करंगळीकडं. तळहातात दोन्ही पुन्हा भेटतात.

“म्हून खाली चिंधी बांधून भागत नाही. एक बाजू बांधली का दुसरीकडून येते. वर दाबायचं, दंडात.”

सगळ्यांना पाठ झालं. एकमेकांचे दंड दाबून माणसं खिदळायची.

पौषातल्या एका दुपारी निरोप आला. आम्ही धावत गेलो. जिनात कापूस घालणाऱ्या एका बाईचा हात कोपराखाली फाटला होता. ती ढिगाला टेकून बसली होती, डोळे उघडे. ढीग लाल झाला होता. भोवती माणसांचं कडं होतं, अंतर राखून. साहेबांनी गुडघे टेकून दंडात अंगठा रोवला. खाली काहीच उडत नव्हतं. तरी त्यांनी बराच वेळ अंगठा काढला नाही.

“जागा माहीत होती ना?”

“होती, साहेब,” मुकादम म्हणाला.

“मंग काहून नाही दाबली?”

मुकादमानं मान खाली घातली. “महारवाड्यातली होती, साहेब.”

साहेब उठले. त्या दिवसापासून ते बाजारात जायचे थांबले, थट्टाही संपली. रोज संध्याकाळी ते महारवाड्यात जात. बायकांना अंगणात बसवून एकमेकींचे दंड धरायला लावत. “कोणाची वाट पाहू नका. तुमीच धरा.”

चैत्रात पटकीची साथ आली, आणि तिनं साहेबांनाच नेलं. सकाळी त्यांना माती देऊन मी दवाखान्यात परततो तोच जिनमधून हाक आली.

या वेळी महारवाड्यातलीच एक तरणी पोर होती, हात करवतीत सापडलेली. तिच्या जावेनं तिचा दंड दोन्ही हातांनी आवळला होता. बोटं पांढरी पडली होती. साहेब गेल्याचं महारवाड्यात अजून पोचलं नव्हतं. मी तिच्या अंगठ्याला लागून माझा अंगठा रोवला, तेव्हा कुठं तिनं हात काढला. मी धमनी रेशमाच्या दोऱ्यानं बांधली. पोरीचा हात गेला, जीव राहिला.

तिची जाऊ माझ्यामागं जिनच्या दारापर्यंत आली. तिची बोटं अजून सरळ होत नव्हती.

“साहेबाले सांगजा,” ती म्हणाली, “म्या सोडलं नाही.”

“सांगतो,” मी म्हणालो.