आधी पितो, मंग बोलतो

"आधी पितो, मंग बोलतो."

पाण्याच्या कामाची माहिती द्यायला गेले की आमदारसाहेबांचं पहिलं वाक्य हेच असायचं. समोर माणसं बसलेली, सरपंच हार घेऊन ताटकळलेला, आणि साहेब नव्या नळाखाली ओंजळ धरून वाकलेले. मग ओल्या हातानेच माइक घ्यायचे. "पानी आलं हाय. पिऊन सांगतो."

कामांची माहिती देणारे आमदार तुम्हीही पाहिले असतील. अमुक मंजूर, तमुक प्रगतिपथावर. आमच्या साहेबांचं 'मंजूर' या शब्दाशी वाकडं होतं. "भूक लागली तर मंजूर झालेला भात खायाचा काय रे?" असं मला सुनवायचे, कारण त्यांच्या भाषणाचे मुद्दे मी काढायचो. बोईसरच्या त्यांच्या कार्यालयात मी सहायक होतो. ते मूळचे पालघरजवळच्या माहीमचे, वाडीत वाढलेले. विधानसभेत जाऊनही त्यांचं हाय-नाय सुटलं नव्हतं.

रस्ता झाला की चपला काढून त्यावर चालायचे. एका शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधलं, तर आत जाऊन कडी लावून आले आणि भर सभेत म्हणाले, "कडी बसते. मी बगितली." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बोईसरला कामगारांच्या चाळीमागचं गटार उपसलं, तेव्हा हे काठी घालून खोली बघत होते. वरून एकजण ओरडला, "साहब, मछली मिली क्या?" "मिलेगी तो तेरे घर भेजता हूँ," साहेब खालून.

लोक त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचे तो यामुळे. साहेबांकडे दुसरं काही नव्हतं; ना पैसा, ना मोठं घराणं.

मनोरच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे. तिथं टाकी बांधून झाली, नळ बसले, पण पंपाला वीज मिळाली नव्हती. साहेबांचा दौरा ठरला आणि ठेकेदाराचा मला फोन आला. "सकाळी टँकरने टाकी भरून ठेवतो. थोड्या दिवसांत वीज येतेच आहे. साहेबांना कशाला त्रास?" मलाही ते सोयीचं वाटलं. दौरा पुढे ढकलायचा म्हणजे सगळ्यांना फोन करा, बोलणी खा. "बघा बुवा," मी म्हणालो.

साहेब पाणी प्याले. खूश झाले. पालघरला, बोईसरला, जिथं जातील तिथं सांगत सुटले, "त्या पाड्यावर पानी आलं. मी पिऊन आलोय. गोड पानी!"

वीज काही आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात साहेब पुन्हा तिकडे निघाले, आणि पुन्हा त्या सकाळी टँकर चढवला गेला. या वेळी मी काही म्हणालोच नाही.

साहेब नळाखाली वाकले. एक म्हातारी हंडा घेऊन शेजारी उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तू रोज ये ना रं."

"का गं आजी? माझी आठवण येते?"

"तू येतंस त्या दिवशी पानी येतं."

सगळे हसले. साहेबही हसले, आणि मग मध्येच थांबले. ओंजळ तशीच धरलेली होती. ती त्यांनी बोटं सैल करून हळूच सोडून दिली. म्हातारीचा हंडा स्वतः नळाखाली लावला, तो भरेपर्यंत धरून उभे राहिले. त्या दिवशी माइक घेतला नाही.

गाडीने मनोर मागे टाकलं. मग त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं का रे?"

"नाही, साहेब."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. साहेबांनीही त्याचं ते बघणं बघितलं. "बरं," म्हणाले.

बोईसरच्या पुढच्या सभेत त्यांनी सांगून टाकलं. "त्या पाड्यावर पानी आलं नाय. मी तुमाला खोटं सांगितलं. चूक माजी." टँकर कुणाचा, कुणाला माहीत होतं, अवाक्षर नाही. मी मागे हार हातात धरून उभा होतो. तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरला. 'चूक माजी' म्हणणारे आमदार. पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट दिलं नाही.

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. रागावलेही नाहीत. फक्त मला काही विचारणं बंद केलं. रस्ता कुठवर आला, शाळेचं छप्पर झालं का, सगळं ड्रायव्हरला विचारायचे. मी शेजारी बसलेला असायचो.

आमदारकी गेल्यावर ते माहीमला परतले आणि वर्ष-दीड वर्षात हृदयविकाराने गेले. स्मशानात मी मागेच उभा राहिलो आणि कुणी ओळखायच्या आत निघालो.

मी आता नव्या आमदारांकडे आहे. ते गाडीतूनच कामांचे व्हिडिओ टाकतात. मुद्दे मीच लिहितो. मागच्या महिन्यात चित्रीकरणासाठी त्या पाड्यावर गेलो होतो. वीज आली आहे, पाणी रोज येतं. हे खरं आहे. मी नळ सोडून बघितला.

म्हातारीने मला ओळखलं. "तू त्या साहेबाबरोबरचा ना?"

"हो, आजी."

"तो मागं आलेला. एकटाच, कुनाच्या तरी मोटारसायकलवर. म्हनला, आता मी आमदार नाय, पर माज्याकडून चुकलं. दिसभर हितं बसला. म्हनला, पानी रोज यायला लागलं का सांगावा धाड, मंग येतो."

मला हे माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगावं असं नातं मी ठेवलंही नव्हतं.

"आता रोज येतं पानी," ती म्हणाली. "त्याला सांग. म्हनावं, जेवायलाच ये."

मी मोबाइल खिशात घातला.

"सांगतो, आजी," म्हणालो.