आमच्या जोत्यावरची अंडी

ईरा आणि निहार,

बैलगाडीत आमचं घर भरलं होतं. घरातलं सामान आदल्या आठवड्यातच गेलं होतं. आता गाडीत होतं ते घरच. तुळया, वासे, दाराची चौकट, खिडकीचे गज. धरणाचं पाणी पळसदेवला येणार हे ठरल्यावर सगळ्यांनी आपापली घरं अशीच उकलली आणि वरच्या माळावर नव्या गावठाणात नेली. माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, प्रत्येक लाकडावर गेरूने आकडा घालायचं काम मला दिलं होतं. मी तेव्हा सातवीत होते. इंग्रजी आकडे नवे नवे शिकलेले, म्हणून मी ते इंग्रजीत घातले. तिकडे सुताराने सहा आणि नऊ उलटे धरले आणि नव्या घराचं माजघर कायमचं एका अंगाला झुकलं. तात्यांनी पुढे वीस वर्षं त्याचा उल्लेख केला. रागाने नाही, पण प्रत्येक पाहुण्यासमोर.

खरं तर आम्ही अकरा दिवस आधीच निघणार होतो. चौदा नंबरच्या तुळईवर चिमणीचं घरटं होतं आणि त्यात पिल्लं होती. आई म्हणाली, "पिल्लं उडाल्याबिगर तुळई हलायची न्हाय."

"पाणी काय चिमणीला इचारून येणार हाय व्हय?" तात्या म्हणाले.

"पाणी पावसाळ्यात येतंय. पिल्लं चार दिसांत उडत्यात."

चार दिवसांचे अकरा झाले. डोक्यावर पाऊण छप्पर नाही, गाव निम्मं रिकामं, शेजारच्या घरांची नुसती जोती उरलेली. लोक जाता जाता विचारायचे, "काय तात्या, चिमणीचं बाळंतपण उरकलं का?" तात्या तोंड फिरवायचे. बाराव्या दिवशी सकाळी घरटं रिकामं दिसलं आणि दुपारी आमची गाडी निघाली, गावातली शेवटून दुसरी. मी चौदा नंबरच्या तुळईवर बसले होते. आई मागे बघत नव्हती. ती वर बघत होती.

हे मी तुम्हाला आत्ता का सांगते आहे, ते पुढे कळेल. मी शिक्षिका होते, क्रमाने सांगायची सवय आहे.

नंतर मी पुण्याला शिकले, इंग्रजीत एम. ए. केलं आणि बारामतीजवळच्या सांगवीत शाळेत लागले. बारामतीत बिऱ्हाड आणि सांगवीला सायकल. साडी नेसून सायकल चालवणारी बाई तेव्हा रस्त्यावर दुसरी नव्हती. कालव्याच्या कडेला ऊस तोडणाऱ्या बाया ओरडायच्या, "मॅडम, इमान जरा हळू हाका!" मी घंटी वाजवून उत्तर द्यायची. त्याच रस्त्यावर मला बघायची सवय लागली. पायी चाललं तर पक्षी उडून जातात, गाडीतून गेलं तर दिसतच नाहीत. सायकलला मात्र ते बहुधा खपवून घेतात. तारेवर वेडे राघू, कालव्यावर खंड्या, उसाच्या फडातून चोरासारखा चालत निघणारा भारद्वाज. बांधावर पिवळाधमक तरवड. मी शाळेत पोचल्यावर पहिलं काम म्हणजे वहीत नोंद: वार, वेळ, जागा, काय दिसलं. अशा एकवीस वह्या आहेत.

तुमचे आजोबा निवृत्त झाल्यावर तेही सायकलवर आले. आमचा नियम होता: बोलायचं नाही, घंटी वाजवायची नाही, ज्याला आधी दिसेल त्याने डावा हात वर करायचा आणि थांबायचं. सुप्याच्या माळावर चिंकारा त्यांनी आधी पाहिला, लांडगा मी. लांडगा त्यांना दिसलाच नाही, आणि ही गोष्ट त्यांनी कधी मान्यही केली नाही. "कुत्रं होतं गं," असं शेवटपर्यंत म्हणत राहिले. आता चार वर्षं झाली त्यांना जाऊन. अजूनही काही दिसलं की माझा डावा हात आपोआप वर होतो. मागे थांबणारं कोणी नसतं. मग हात खाली घेते आणि पॅडल मारते.

हल्ली तेही जमत नाही फारसं. गुडघा दुखतो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. रस्ते रुंद झाले आणि उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात. बाभळी कमी झाल्या. पूर्वी सांगवीपर्यंत पान भरून नोंदी व्हायच्या, आता चार ओळी होतात. पक्षी कमी झाले की माझी नजर, हे मला नेमकं सांगता येत नाही, आणि शोधून काढायची उमेदही राहिलेली नाही.

या जानेवारीत तुमच्या बाबांनी विचारलं, "आई, आता कायमचीच ये ना कॅल्गरीला." त्याच्या आवाजात काळजी होती, आणि ती काळजी रास्त आहे. मी म्हटलं, उन्हाळा संपला की सांगते. त्याला वाटलं मी टाळते आहे. मी टाळत नव्हते. मला उन्हाळ्याची गरज होती.

उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं. कमी पावसाच्या वर्षी इतकं खाली जातं की जुनं देऊळ उघडं पडतं, आणि त्याच्या मागे जुन्या गावाची जोती दिसू लागतात. आमच्यातली रीत अशी की त्या वर्षी ज्याने त्याने आपल्या जोत्यावर जायचं, चुलीच्या जागी नारळ फोडायचा, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि तिथेच बसून जेवायचं. पाण्याखालच्या घराला वाटू नये की आपण त्याला विसरलो. गावचे लोक पुण्याहून, मुंबईहून येतात. मी ठरवलं होतं, या वेळी नैवेद्य दाखवायचा, घराचा रीतसर निरोप घ्यायचा आणि मग तुमच्या बाबांना 'हो' म्हणायचं. एकदा मी ते गाव घाईत सोडलं होतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे. दुसऱ्यांदा नीट सोडायचं होतं. शिवाय ईराच्या शाळेत 'आपलं कुटुंब कुठून आलं' असा प्रकल्प होता आणि तिला माझ्या घराचा व्हिडिओ हवा होता.

मे महिन्यात माझा भाऊ नाना, तुमचा नानाआजोबा, बारामतीला आला आणि पिकअपमध्ये माझी सायकल टाकून मला पळसदेवला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच निघालो. मी सायकलवर, तो मोटरसायकलवर डब्यातला नैवेद्य घेऊन, माझ्या वेगाने, म्हणजे जवळजवळ पाय टेकत. "अक्का, ह्यापेक्षा म्हस लवकर पोचंल," तो दर शंभर पावलांनी म्हणत होता.

पाणी मागे गेलेल्या गाळावर भेगा पडल्या होत्या. लांब उथळ पाण्यात रोहित उभे होते, उशिरापर्यंत राहिलेले, गुलाबी रेघ ओढल्यासारखे. चित्रबलाक होते. मी चाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. जिथे आमची जोंधळ्याची शेतं होती तिथे जगातले पक्षी उतरतात आणि लोक ते बघायला दुर्बिणी घेऊन येतात. मलाही ते आवडतात. पण ज्या पाण्याने गाव घेतलं त्याच पाण्याचं कौतुक वहीत लिहिताना माझा हात दरवेळी थोडा अडतो.

देवळाच्या अलीकडे सोपानराव जाळं आवरत बसले होते. ते मासे धरतात, नानाचे बालमित्र. मला बघून उठले.

"बाई, जोत्याकडं निघाला का?"

"हो. नैवेद्य दाखवायचाय."

"म्होरं जाऊ नका. अंडी हायत."

"कसली अंडी?"

"ती काळ्या टोपीची पाखरं. तुमच्याच जोत्यावर हायत, बरोब्बर मधी. आन् औंदा जाऊ नका म्हंजी न्हाईच जाऊ नका." मग खाली बघत म्हणाले, "त्या साली तुमी बसला हुता ना जेवायला, तवा सगळी उकडली."

मला प्रथम समजलं नाही. मग समजलं.

सहा वर्षांपूर्वी, आजोबा असताना, आम्ही असेच जोत्यावर आलो होतो. चादर अंथरली, नारळ फोडला, जेवलो. मी आजोबांना कुठे चूल होती, कुठे रांजण होता ते दाखवत होते. दोन तास बसलो. डोक्यावर पक्षी घिरट्या घालत होते, ओरडत होते. आम्ही हात वर करून एकमेकांना ते दाखवले आणि घरी येऊन मी वहीत लिहिलं: 'नदीसुरय, सुमारे बारा. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. फार उत्साहात होते. जणू आमचं स्वागत.'

स्वागत. मी हा शब्द लिहिला आहे. शाईने.

सोपानरावांनी सांगितलं ते असं. ही पाखरं घरटं बांधत नाहीत, उघड्या दगडमातीतच अंडी घालतात. अंडी मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची, डोळ्यासमोर असून दिसत नाहीत. उन्हात आई-बाप आळीपाळीने सावली धरून बसतात, मधूनमधून पाण्यात पोट भिजवून येतात आणि तो ओलावा अंड्यांना देतात. माणूस जवळ बसला की ती उठतात, आणि मेच्या उन्हात अर्धा तास पुरतो. त्या दिवशी आम्ही उठून गेल्यावर ती परत येऊन बसली होती. "आठ दिस बसून हुती," सोपानराव म्हणाले. "त्यास्नी काय कळतंय, आत काय उरलं न्हाई ते."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमी रडत हुता, बाई. घर बघून. तवा कसं सांगायचं?"

एकवीस वह्या भरलेली बाई मी. आईने चिमणीसाठी मोडक्या घरात अकरा दिवस काढले आणि मी त्याच घराच्या जोत्यावर बसून पुरणपोळी खाल्ली.

नाना डबा हातात धरून उभा होता. "अक्का, कडंकडंनं जाऊ. दोन मिनटं. नारळ फोडू न् माघारी. परत तू कवा येणार? पुढच्या साली पाणी उतरंल का न्हाय, तुझा गुडघा ऱ्हाईल का न्हाय?"

तो म्हणत होता त्यातलं काहीही खोटं नव्हतं. जोतं तिथून शंभर पावलांवर होतं. त्याची एक कड आणि उंबऱ्याचा दगड मला दिसत होता. दुर्बीण लावली. मधोमध एक नदीसुरय बसली होती, चोच उघडी टाकून, धापा टाकत. दुसरी उडत आली, ओलं पोट घेऊन, आणि दोघींनी जागा बदलली. त्या क्षणभरात अंडी दिसली. तीन.

तेव्हाच तुमचा व्हिडिओ कॉल आला. आठवतं? तुमच्याकडे संध्याकाळ होती.

"आजी, कुठेय घर? मला नुसते दगड दिसतायत," निहार म्हणाला.

"तेच दगड."

"मग जवळ जा ना!" ईरा म्हणाली. "प्लीज, आजी, मला उद्या दाखवायचंय."

"जाता येत नाही, बाळा. आत कोणीतरी आहे."

ईरा, तुझा चेहरा पडला तो मी पाहिला. 'आजीला कंटाळा आला असेल' असं तुला वाटलं असेल, तर ते सगळंच चूक नव्हतं. मी फार दमले होते. पण जवळ न जाण्याचं कारण ते नव्हतं, आणि ते मला त्या छोट्या पडद्यावर सांगता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

नानाने देवळाच्या पायरीवर नारळ फोडला. पुरणपोळ्या सोपानरावांना दिल्या. परतताना त्याने मोटरसायकल माझ्या बरोबरीला आणली. मग म्हणाला, "तात्या असतं तर म्हणलं असतं, आईच निघाली पोरगी." हे शाबासकीचं होतं की वैतागाचं, मी विचारलं नाही. आमच्या घरात दोन्ही एकाच सुरात बोलतात.

तुमच्या बाबांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हटलं, पिल्लं उडाल्याशिवाय मी काही सांगणार नाही. तो हसला. त्याने आपल्या आजीची ती गोष्ट शंभरदा ऐकलेली आहे.

परवा नानाने सोपानरावांचा निरोप कळवला. तीन अंड्यांतली दोन फुटली, एक वाया गेलं. दोन्ही पिल्लं उडाली. त्यानंतर आठवड्याने पाणी जोत्यावर चढलं. मी हे वहीत लिहिलं, त्याच क्रमाने. सहा वर्षांपूर्वीची नोंद खोडली नाही. तिच्या शेजारी समासात लिहिलं: 'स्वागत नव्हतं. आम्ही त्यांच्या अंड्यांवर ऊन आणलं होतं.'

मग तुमच्या बाबांना फोन केला आणि तिकीट काढायला सांगितलं.

निरोप घ्यायचा राहूनच गेला. नैवेद्य घरापर्यंत पोचला नाही, व्हिडिओ झाला नाही. ईराने विचारलं होतं, तुझं घर नेमकं कुठे आहे. आता ते पुन्हा पाण्याखाली आहे. पुन्हा कधी उघडं पडेल सांगता येत नाही, आणि तेव्हा मी नसेन. मात्र ते रिकामं राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं मी पाण्याखाली एक रिकामं घर आहे असं समजून झुरत होते. आता तसं वाटत नाही. गावाचा विचार मनात आला की चोच उघडी टाकून धापा टाकणारी ती एक दिसते, माझ्या माजघरात बसलेली.

सायकल नानाकडे ठेवली आहे. वह्या घेऊन येते. तुमच्याकडे कोणते पक्षी आहेत ते मला माहीत नाही, आणि नवी नावं शिकायचा मला आता खरोखर कंटाळा आहे. पण तुम्ही सायकलवर पुढे असा, मी मागून हळूहळू चालत येईन. काही दिसलं तर डावा हात वर करा. आणि ते जमिनीवरून ओरडत उठलं, तर आधी आपल्या पायाखाली बघा.

तुमची,
आजी